एक फोटो जास्त

"निघाला का फोटो?" गोविंदाने विचारलं.

"निघाला."

"आवाज तर नाय आला."

हिरामणने कॅमेरा उलटा करून मागच्या काचेकडे पाहिलं. काडेपेटीएवढ्या त्या चौकोनात गोविंदा भिंतीला टेकून उभा होता. मान ताठ आणि डोळे गच्च मिटलेले.

"डोळे मिटलेस रे. परत काढू."

"उघडंच व्हतं. तुमचा तो दिवा डोळ्यांवर आला न्."

दुसऱ्या वेळी गोविंदाने डोळे इतके ताणले की मागची रांग हसायला लागली. त्याच्या मागे जगन उभा होता. तो म्हणाला, "आता भूत बघल्यासारखा आलास बघ." गोविंदाही हसला आणि बाजूला झाला. मग जगन भिंतीपाशी आला, त्याच्यामागून पुढचा. हिरामण फोटो काढत राहिला.

धाटावच्या त्या केमिकल कंपनीत हिरामण टाइमकीपर होता. कंपनी उभी राहिली तेव्हापासून गेटशेजारच्या खोलीत त्याची खुर्ची होती. आधी पितळी बिल्ले होते. कामगार आत जाताना आपला बिल्ला खिळ्यावरून काढून पेटीत टाकायचा आणि शिफ्ट सुटली की हिरामण सगळे बिल्ले पुन्हा आपापल्या खिळ्याला लावायचा. नंतर पंचिंगचं मशीन आलं, तेही त्याने शिकून घेतलं. गेल्या दिवाळीत टेबलावर कॉम्प्युटर आला. त्याच्यावर रुमाल घालून ठेवायची सवय हिरामणला लागली होती. घरी चंद्रावती, त्याची बायको, विचारायची, "आला का तो वळणावर?" हिरामण म्हणायचा, "मीच यायचोय."

वर्षातून एकदा प्लांट बंद ठेवून पाइप, टाक्या, पंप खोलून साफ करत. त्याला शटडाऊन म्हणत. तेवढ्यापुरते ठेकेदाराचे कामगार यायचे, कुणी पेणकडच्या खाडीतले, कुणी रोह्याच्या आसपासचे. महिनाभर ते कंपनीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे. जवळचे होते ते घरून येऊन-जाऊन करायचे. त्यांना आजवर शिक्का मारलेली चिठ्ठी चालायची. यंदा हर्षदसाहेब मुंबईहून डिजिटल कॅमेरा घेऊन आले होते. साहेब वयाने लहान, नुकतेच पर्सोनेल खात्यात लागलेले, बोलायला गोड.

"हिरामणभाऊ, आता रोल नको, धुलाई नको. दुपारी फोटो, संध्याकाळी कार्ड तयार."

जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी हिरामणला शेजारी बसवून दाखवलं. एक करडी वायर होती. तिचं एक टोक कॅमेऱ्याच्या बाजूला खुपसायचं आणि दुसरं कॉम्प्युटरच्या पाठीला. मग पडद्यावर एक पट्टी यायची आणि डावीकडून उजवीकडे हळूहळू निळी होत जायची. पट्टी भरली की एक फोटो आत गेला.

"म्हणजे ह्या वायरीतून माणसं जातात," हिरामण म्हणाला.

"डाटा जातो हो."

हिरामणने वायरीला बोट लावून पाहिलं. काहीच कळत नव्हतं. सगळ्या पट्ट्या भरून झाल्यावर त्याने कॅमेऱ्यात डोकावलं तर सगळे तिथेही होतेच.

"साहेब, गेले नाहीत. इथंच आहेत."

"गेलेत. इथेही आहेत, तिथेही आहेत. कॉपी झाली. आता इथले पुसायचे."

"पुसायचे?" हिरामणचा जीव वरखाली झाला. "आणि तिथं नसले तर?"

साहेब हसले आणि त्यांनीच बटण दाबलं. कॅमेरा रिकामा झाला. पडद्यावर चेहरे नव्हते, नुसते आकडे होते. कॉम्प्युटरने प्रत्येक फोटोला स्वतःच नंबर दिला होता. आता एकेक नंबर पुसून त्या जागी माणसाचं नाव घालायचं होतं. कॉम्प्युटरमध्ये मराठी नव्हतं, म्हणून नावं इंग्रजीत. साहेबांना फोन आला, ते केबिनमध्ये गेले. हिरामण एका बोटाने अक्षरं शोधत बसला. उघडून बघायला एकेक फोटो फार वेळ खायचा, म्हणून त्याने रांगेच्या क्रमानेच नावं घातली. ज्या क्रमाने माणसं भिंतीपाशी आली होती, तोच क्रम. त्यात चुकण्यासारखं काय होतं?

नावं संपली आणि एक नंबर उरला.

हिरामणने पुन्हा मोजलं. उरलाच. तो केबिनच्या दारात गेला. "साहेब, एक फोटो जास्त येतोय."

रिसीव्हरवर हात ठेवून हर्षदसाहेब म्हणाले, "डबल आला असेल एखादा. शेवटचा डिलीट करा."

हिरामणने शेवटचा पुसला. नावं आणि फोटो सारखे झाले. त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मोरू मुकादमाने शेडपाशी कार्डं वाटली. मोरूला इंग्रजी येत नव्हतं आणि कामगारांतही कुणाला येत नव्हतं, त्यामुळे चेहरा बघून ज्याचं त्याला दिलं. सगळे आपला फोटो बघून खूश होते. दोनच घोळ झाले. रांगेत शेवटी असलेल्या माणसाचं कार्डच सापडेना आणि डोळे मिटलेलं एक कार्ड उरलं. "यो कोन झोपलेला?" म्हणून ते हातोहात फिरलं. गोविंदाने आपलं डोळे ताणलेलं कार्ड आधीच खिशाला लावलं होतं. ते मिटलेलं नको म्हणाला. मोरूने ते हिरामणला आणून दिलं. हिरामणने ते खणात टाकलं आणि शेवटच्या माणसाला जुन्या पद्धतीची शिक्का मारलेली चिठ्ठी देऊन टाकली. यंत्र नवीन आहे, एखाददुसरं इकडंतिकडं व्हायचंच, असं त्याला वाटलं.

गुरुवारी सकाळी पहिली शिफ्ट सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. साफ केलेले पाइप तपासायला बॉयलर पेटवला होता. बॉयलरकडून मोठा आवाज आला आणि पांढरी वाफ छपरावरून वर गेली. वाफेच्या पाइपाचा सांधा उडाला होता. खाली काम करणारा एक माणूस भाजला, तोंडापासून कमरेपर्यंत. बाकीचे पळाले म्हणून वाचले. त्याला जीपमध्ये घालून रोह्याच्या दवाखान्यात नेलं. सुपरवायझर नवा होता, त्याने खिशाचं कार्ड काढून आणलं. प्लास्टिक वितळून फोटोची जागा पांढरी झाली होती. नाव मात्र वाचता येत होतं.

"जगन," हर्षदसाहेब म्हणाले. "पेण तालुका. हिरामणभाऊ, तुम्ही जा. घरचं माणूस घेऊन या. तुमच्यासारखं वयाने मोठं माणूस गेलेलं बरं."

मोरू जखमी माणसाबरोबर दवाखान्यात होता. पळालेल्यांना किंवा शेडमध्ये जाऊन विचारावं असं कुणालाच सुचलं नाही. नाव तर समोर लिहिलेलं होतं.

जीप नागोठण्यावरून पेणला गेली. पत्त्यात गावाचं नाव होतं, पण ड्रायव्हरला ते ठाऊक नव्हतं. म्हणून आधी रामवाडीत ठेकेदाराचं घर गाठलं. ठेकेदार नव्हता. त्याच्या बायकोने सांगितलं, "ते गाव हिकडं नाय. मागं वडखळला जा, तिथनं धरमतरच्या रस्त्याला." पुन्हा उलटं जाणं आलं. गाव सापडलं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

मैना, जगनची बायको, मिठागरात होती. दोघीतिघी बायका पांढऱ्या ढिगांवर मिठाच्या पाट्या ओतत होत्या. हिरामण बांधावरून चालत तिच्याजवळ गेला. सांगायचं काय ते त्याने जीपमध्ये मनात दहा वेळा घोळवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "जगनची बायको तुम्हीच ना? मी कंपनीतनं आलोय."

तिने पाटी खाली ठेवली. "जिता हाय का नाय? येवरा सांगा."

"आहे. भाजलाय."

घरी जाऊन लुगडं बदलते असंसुद्धा ती म्हणाली नाही. पायांना मीठ तसंच, ती जीपमध्ये बसली. वाटभर ती एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होती. तोंड भाजलंय का, बोलतोय का, माझं नाव घेतलं का. हिरामणला काहीच ठाऊक नव्हतं. तो "व्हय" म्हणायचा, मग "माहीत नाही" म्हणायचा. नागोठण्याला रेल्वेचं फाटक लागलं तेव्हा तिने दोन्ही हात मांडीत घट्ट धरले.

दवाखान्यात कोपऱ्यातल्या खाटेवर तो माणूस होता. तोंड, डोळे, छाती, सगळं पांढऱ्या पट्ट्यांत. नाकातोंडापुरती जागा उघडी. मोरू बाहेर चहा प्यायला गेला होता. मैना दारातच थांबली. मग पुढे आली आणि त्याच्या तोंडाकडे न बघता खाटेच्या पायथ्याशी गेली. चादरीबाहेर आलेल्या पायांकडे ती बघत राहिली. तिने एक तळवा हातात धरला, अंगठा फिरवला आणि सोडून दिला.

"यो माजा मानूस नाय."

डॉक्टर शेजारी होते. ते समजुतीने म्हणाले, "बाई, धक्का बसलाय तुम्हाला. बसा जरा."

"धक्का नाय. माजा मानूस ल्हानपनापासून मिठात उभा हाय. त्याचं पाय मना ठावं नाय?" तिचा आवाज चढला. "ह्यो चिखलातला, शेतातला पाय हाय. तुमी मना कुनाकरं आनलाव? न् माजा मानूस कुठं हाय?"

पहिल्यांदा त्याला वाटलं, बाईला खरंच भ्रम झाला. मग वाटलं, भाजलेली माणसं दोन असतील आणि आपल्याला एकच कळली. दवाखान्याच्या फोनवरून त्याने गेटला फोन लावला. वॉचमनला शेडमध्ये पाठवलं आणि रिसीव्हर कानाला लावून उभा राहिला. मैना त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"जगन ना?" वॉचमन धापा टाकत परत आला. "हाय की शेडात. रातपाळी करून झोपलाय. उठवू काय?"

"उठव. इकडं पाठव." हिरामणने फोन ठेवला आणि मैनाला म्हणाला, "झोपलाय. बरा आहे. येतोय."

मैना मटकन भिंतीला टेकून खाली बसली. तिला हसू आलं की रडू, ते कळेना. तोंडावर पदर धरून ती बराच वेळ हलत राहिली. मग उठली, खाटेकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "मंग ह्यो कोन? ह्याचं कोन नाय आलंय?"

मोरू चहा पिऊन आला होता. हिरामणने त्याला धरलं. "ह्याचं नाव काय रे?"

"नाव?" मोरू गोंधळला. "मी सगळ्यांना गावानं हाक मारतो. तोंड तर भाजलेलं, वर पट्ट्या. सुपरवायझर बोलला जगन, म्या मानलं जगन."

हिरामणने जीप घेतली. धाटाव जवळच, तो ऑफिसात आला. त्याने रुमाल काढून कॉम्प्युटर चालू केला आणि एकेक फोटो उघडायला लागला. चेहरा वरून खाली थोडा थोडा उतरत यायचा. आधी केस, मग कपाळ. पहिले सगळे बरोबर होते. मग गोविंदाच्या नावाखाली मिटलेले डोळे आले. जगनच्या नावाखाली ताणलेले डोळे आले, तेही गोविंदाचेच. त्यापुढच्या नावाखाली जगन हसत होता. तिथून पुढे प्रत्येक माणूस शेजारच्याच्या नावात जाऊन बसला होता, आणि शेवटचा कुठेच नव्हता. तो हिरामणनेच पुसला होता.

हर्षदसाहेब मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनाही दिसलं. ते हळूच म्हणाले, "मीच म्हटलं होतं ना, डिलीट करा."

"तुम्ही मोजायला नव्हतात साहेब. मी होतो." म्हणजे खाटेवर गोविंदा होता. हिरामणने त्याचा पत्ता पाहिला. कुंडलिकेच्या पलीकडचं गाव. कंपनीपासून अर्ध्या तासाची वाट. सकाळी कुणी सायकलवर गेलं असतं तरी एव्हाना त्याची बायको दवाखान्यात असती. तो उठला, पुन्हा बसला. चष्मा डोळ्यांवरच होता आणि तो टेबलावर शोधत राहिला.

गोविंदाची बायको गिरजाबाई अंगणात वालाच्या शेंगा झोडपत होती. तिला काही फार सांगावं लागलं नाही, जीप बघूनच ती उभी राहिली होती. शेजारणीला घर बघायला सांगून ती आली. पूल ओलांडल्यावर तिने विचारलं, "कवा झालं?"

"सकाळी."

"सकाळी झालं, न् आता सांगताय?"

ड्रायव्हर पुढे बघत होता. हिरामण म्हणाला, "मी आधी दुसऱ्याच्या घरी गेलो. पेणकडं. कार्डावर त्याचं नाव होतं."

"आमच्या मानसाच्या कार्डावर दुसऱ्याचं नाव कसं?"

"मी घातलं. चुकून." तिला समजावं म्हणून तो सांगायला लागला. कॅमेरा, वायर, निळी पट्टी, कॉम्प्युटरने दिलेले नंबर, दोनदा काढलेला फोटो. बोलता बोलता त्याचं त्यालाच कळेना की हे सगळं कशासाठी सांगतोय. फोटो इकडून तिकडे गेले, एक सरकला, मग सगळेच सरकले. गिरजाबाई त्याच्याकडे बघत होती. तिच्या लुगड्याला वालाची टरफलं चिकटली होती.

"मला ह्यातलं काय कळत नाय," ती म्हणाली. "सकाळपासनं त्याच्याजवळ कोन व्हतं, येवढं सांगा."

हिरामणने ड्रायव्हरला जीप जोरात घ्यायला सांगितलं.

ते पोचले तेव्हा खाटेवरची चादर तोंडावर ओढलेली होती. पायथ्याशी जगन उभा होता, झोपेतून उठवून आणलेला, उलटा सदरा घातलेला. मैना खाटेला लागून खाली बसली होती. गिरजाबाईला बघून ती उठली आणि जागा दिली. कुणी कुणाला ओळख करून दिली नाही. गिरजाबाईने चादर थोडी बाजूला केली आणि पट्ट्यांवरून हात फिरवला. ती मोठ्याने रडली नाही.

मग तिने मान वळवली. "तू व्हतीस का इथं?"

"व्हय," मैना म्हणाली. "माजा मानूस म्हनून आनली व्हती मना. मंग कळला तो माजा नाय. पन कोन नव्हता जवल. बसली."

"काय बोलला का?"

मैनाने जगनकडे पाहिलं, मग हिरामणकडे. तिला सांगायला जड जात होतं. "शुद्धीत आला व्हता जरासा. डोल्यांवर पट्टी, दिसत नव्हता त्याला काय. हात चाचपत व्हता. मी हात दिला. तर बोलला, 'आलीस गो?'"



"मी व्हय बोलली," मैना म्हणाली. "काय बोलू? नाय कशी बोलू? चुकला आसंल माजा."

हिरामणला वाटलं, आता ही तिला काहीतरी बोलेल, आणि बोलली तर आपण मध्ये पडायला हवं, कारण चूक तिची नाही. पण गिरजाबाईने मैनाचा हात धरला. तोच हात होता की दुसरा, कुणास ठाऊक. तिने तो उलटा करून बघितला, मिठाने सोललेला.

"बरं केलंस," ती म्हणाली. "मंग काय म्हनला?"

"बोलला, शेवग्याखालची मेख हलतेय. म्हस सुटंल. काल ठोकायची र्‍हायली. मी बोलली, ठोकते. मंग पानी मागितलान. दोन चमचं घेतलान."

"आनी?"

"मंग काय नाय."

हर्षदसाहेब दवाखान्याच्या व्हरांड्यात आले होते. त्यांनी हिरामणला बाजूला घेतलं. "नावाचं काय करायचं? कार्डाचं वर कळवावं लागेल."

"कळवा. मी घातलं म्हणून कळवा. आणि इथं नाव बरोबर लिहून घ्या साहेब, आधी ते." हिरामण स्वतः डॉक्टरांच्या टेबलापाशी उभा राहिला आणि गोविंदाचं नाव, बापाचं नाव, गाव सांगितलं. डॉक्टर लिहीत होते तोवर तो वाकून बघत होता.

कागदपत्रं होऊन मयत ताब्यात मिळायला संध्याकाळ झाली. मैना आणि जगन पेणच्या गाडीला निघाले. जाताना मैनाने गिरजाबाईचे पाय धरले. जगनला काय करावं समजेना, त्यानेही धरले. हिरामण कंपनीच्या टेम्पोतून मयताबरोबर गेला. त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं.

गावात कळलं होतं. अंगणात माणसं जमली होती, वालाच्या शेंगा कुणीतरी गोळा करून कडेला लावल्या होत्या. टेम्पो थांबला तशा बायका पुढे आल्या आणि गिरजाबाईला धरायला लागल्या. तिने त्यांचे हात सोडवले.

"थांबा गो जरा," ती म्हणाली आणि घराच्या मागे गेली.

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. कुणाला तरी वाटलं, हिचं काही बरंवाईट व्हायचं. हिरामण जवळ उभा होता, तो तिच्यामागे गेला.

शेवग्याच्या झाडाखाली म्हैस रवंथ करत उभी होती. गिरजाबाई उकिडवी बसून मेख हलवून बघत होती. मेख खरंच सैल होती, हाताने वर येत होती. तिने ती सरळ केली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. मग मान वर करून हिरामणकडे बघितलं. त्याने आजूबाजूला पाहिलं, कुंपणाचा एक दगड उचलला आणि मेखेवर घातला. बसका आवाज झाला. म्हैस दोन पावलं मागे सरली.

त्याने आणखी एकदा घातला आणि थांबला. अंगणातून रडण्याचा आवाज येत होता.

"आजून एक घाला," गिरजाबाई म्हणाली. तिने मेख सोडली नव्हती.